पप्पांची गुटी

माझ्या पप्पांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. चहात साखर पडलेली नसली तरी ते तसाच पितात, आणि कप ठेवताना 'छान' म्हणतात. त्यामुळे माझी दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात, जेवताना ताटाकडे बघत ते म्हणाले, "मैथिली, मंचरला ते आठवणकेंद्र निघालंय ना, तिथं माझं काही होईल का गं?" तेव्हा माझा घास हातातच राहिला.

"काय व्हायला हवंय तुम्हाला?"

"आईचा आवाज ऐकायचाय."

मम्मीने वाढायचं थांबवलं. मी पाणी प्यायले.

पप्पांची आई, चिमाबाई, पप्पा रांगायला लागायच्या आत गेली. तिचा धड फोटोही नाही. आमच्या डोंगरात त्या काळी फोटो काढायला लग्नच लागायचं, आणि लग्नातल्या एकुलत्या एका फोटोत तिने पदर असा ओढलाय की नाकाचं टोक तेवढं दिसतं. पप्पांनी ते टोक पुष्कळ पाहिलंय. घोडेगावच्या आमच्या दुकानात, फवारणीच्या ड्रोनचे पंखे टांगलेत त्या भिंतीवर, तो फोटो आहे. गिऱ्हाईक विचारतं, "कोण हो हे?" पप्पा म्हणतात, "आई." मग गिऱ्हाईक बारकाईने बघतं आणि काही न सुचून बॅटरीचं बोलतं.

"होईल," मी म्हणाले. "मी करते तुमचं काम."

हे मी कशाच्या जोरावर म्हणाले, ते सांगते. नववीपर्यंत वर्गात नुसतं नाव पुकारलं तरी मी बाकाखाली पेन शोधायला लागायचे. मग विज्ञान प्रदर्शनात याच विषयावर बोलायला मला ढकललं, कारण जिला बोलायचं होतं तिला कांजिण्या झाल्या. मी बोलले. थांबलेच नाही. परीक्षकांनी घंटा वाजवली, पुन्हा वाजवली, शेवटी हात जोडले. तेव्हापासून मी या विषयातली आमच्या तालुक्याची तज्ज्ञ आहे, निदान माझ्या मते.

तर थोडं विज्ञान. अगदी लहानपणचं आपल्याला काही आठवत नाही. पूर्वी वाटायचं की त्या आठवणी पुसल्या जातात. तसं नसतं. तान्ह्या मेंदूत नव्या पेशी इतक्या झपाट्याने उगवतात की जुन्या आठवणींकडे जाणाऱ्या पायवाटा त्यांच्याखाली बुजून जातात. आठवण जागेवरच असते, वाट नसते. ही वाट चवीने सापडते, कारण जीभ आणि नाक डोळ्यांच्या कितीतरी आधी शिकायला लागतात. पण चव कशी हवी? तान्हेपणी रोज मिळालेली, जहाल, आणि नंतर आयुष्यात तशीच्या तशी पुन्हा कधीच न चाखलेली. दूध चालत नाही, ती वाट आपण रोज तुडवतो. मग उरतं काय? गुटी! हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, जे काय घरात असेल ते सहाणेवर उगाळून बाळाला चाटवायचे ना, ती.

केंद्रात डोक्यावर एक टोपी घालतात. जिभेवर थेंब ठेवतात. चव ओळखीची निघाली तर मेंदूत एक बारीकशी लहर उठते. टोपी ती टिपते आणि तिला हलकेच पुढे ढकलते, झोपाळ्यावर बसलेल्याला ढकलतात तसं. झोका पुरेसा उंच गेला की आठवण उघडते. शब्द येत नाहीत, कारण बाळाला शब्द कळतच नव्हते. ऊब येते, वास येतो, उजेड येतो आणि आवाजाचा चढउतार येतो. पप्पांना तेवढाच हवा होता.

हे केंद्र निघालं आणि लोकांना अक्षरशः वेड लागलं. माळ्यावरच्या सहाणा खाली आल्या. दोन भावांमध्ये शेताच्या बांधावरून नव्हे, आईच्या गुटीच्या डबीवरून भांडणं झाली. कारखान्यातल्या टाक्यांमध्ये हिरड्याचा अर्क तयार व्हायला लागल्यापासून आमच्या आजोबांचा हिरडा कोणी विचारत नव्हतं, पण त्या अर्काने एकाचीही आठवण उघडेना. झाडाचाच हिरडा लागतो म्हटल्यावर व्यापारी पुन्हा गाड्या घेऊन डोंगर चढायला लागले. माझ्या पिढीची मात्र पंचाईत आहे. तान्ह्या बाळांना गुटी देऊ नका असं डॉक्टर सांगतात, बरोबरच सांगतात, त्यामुळे मला कोणी दिली नाही. म्हणजे म्हातारपणी मला आईची कूस आठवायची असेल तर दवाखान्यातले ते गुलाबी, चिकट थेंब शोधावे लागणार. श्शी!

आणि एक धोका होता. केंद्रातल्या तबस्सुम मॅडमनी तो पहिल्याच दिवशी पप्पांना समजावला.

"उघडलेली आठवण नुकत्याच सारवलेल्या जमिनीसारखी असते," त्या म्हणाल्या. "ओली. त्या क्षणी आजूबाजूला जे असेल त्याची पावलं तिच्यावर उमटतात. म्हणून पहिली वेळ तेवढी स्वच्छ. पुढच्या प्रत्येक वेळी तुमचं आजचं त्यात मिसळत जातं."

"म्हणजे आवाज एकदाच खरा मिळणार?" पप्पांनी विचारलं.

"एकदाच."

आमच्या गल्लीतल्या पोखरकरकाकांचं तेच झालं. काका दर रविवारी जाऊन टोपी घालून यायचे. इतक्या वेळा गेले, की आता त्यांना आईच्या कुशीत एसीची घरघर ऐकू येते. ते हसत सांगतात, पण सांगून झाल्यावर हसत नाहीत.

तर आम्हाला आधी नेमकी गुटी शोधायची होती. केंद्रात चाचणीची सोय आहे. अगदी मंद ताकदीवर टोपी लावतात, त्यात आठवण उघडत नाही, नुसती किल्ली लागते की नाही ते पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्यांवरून कळतं. गुटी म्हणजे बायकांचं काम, म्हणून मी सरळ ठकूआत्याला फोन केला. ठकूआत्या ही आजोबांची धाकटी बहीण. आई गेल्यावर पप्पांना तिनेच वाढवलं. सगळं गाव तिला ठकूआत्या म्हणतं, म्हणून मीही.

"गुटी व्हय? लिहून घे," ती म्हणाली आणि एका दमात हिरड्यापासून जायफळापर्यंत सगळं सांगितलं. वर स्वतःची सहाणही पाठवून दिली, टॉवेलात गुंडाळून, एसटीच्या ड्रायव्हरकडे.

मी उगाळली. पप्पांनी टोपी घातली. थेंब जिभेवर ठेवला. पडद्यावर एकही पट्टी उठली नाही. पडदा म्हणजे अगदी कापून नेलेलं शेत.

"ही यांची गुटी नाही," तबस्सुम मॅडम म्हणाल्या. "यांना देत कोण होतं, ते नक्की माहीत आहे का?"

मी तिथूनच फोन लावला. ठकूआत्या उखडली. "आई देणार, दुसरं कोण देणार? काय इचारती!" फोनमध्ये कोंबडी ओरडलेली ऐकू आली. "पण थांब गं. चिमीला तर क्षय झाल्ता. बाळंत झाल्यावर खोकला लागला तो लागलाच. डाक्टरनी बजावलं व्हतं, लेकराजवळ जायचं न्हाय. ती पडवीत पडून असायची. लेकरू घरात. आन् मी तर सासरी. ती गेल्यावर आले मी."

"मग गुटी?"

"आसंल कोणी शेजारचं."

शेजारच्या दोघी हयात होत्या. त्या म्हणाल्या, आम्ही नाही बाई. पप्पांनी टोपी काढली, केस नीट केले आणि म्हणाले, "राहू दे मैथिली. काही गोष्टी नसतात आपल्या." आणि दुकान उघडायला निघून गेले. त्या दिवशी त्यांनी भिंतीवरचा फोटो पुसला. मी बाहेरून पाहिलं.

मी ऐकणार होते होय! सुट्टी होती. मी टॉवेलातली सहाण घेतली आणि आजोबांकडे माळवंडीला निघाले.

माळवंडी डिंभ्याच्या धरणामागे, डोंगराच्या खांद्यावर आहे. हिरड्याचा हंगाम म्हणजे तिथं अंगणात पाय ठेवायला जागा नसते. हिरवे बाळहिरडे पसरायचे, उन्हात ते आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळे आणि सुरकुतलेले होतात. लहानपणी आम्ही भावंडं एकेक तोंडात टाकून पैज लावायचो, कोण आधी थुंकतं याची. जीभ अशी आखडायची की 'आजोबा' म्हणता यायचं नाही. आणि वर पाणी प्यालं की गोड! विहिरीचं साधं पाणी, पण सरबत प्यायल्यासारखं. आमच्या आजोबांचा सगळा दवाखाना तोच. पोट बिघडलं, हिरडा. खोकला झाला, हिरडा चघळ. तोंड आलं, हिरड्याच्या पाण्याने गुळण्या कर. एकदा माझा गणितात पेपर वाईट गेला तेव्हाही त्यांनी हिरडाच दिला होता.

आजोबा अंगणात बसून हिरडे निवडत होते. बुधाजी गवारी, उंच, वाळके, बोलायला महाकंजूष. ठकूआत्या ओट्यावर बसून त्यांच्या वाट्याचंही बोलत होती.

"आली का शास्त्रज्ञीण!" ती म्हणाली. "उघडलं का कुलूप?"

"नाही ना." मी मांडी घालून बसले, शेळीच्या दुधाची वाटी मागून घेतली आणि सहाणेवर हिरडा उगाळायला लागले. म्हटलं एकेक वस्तू वेगवेगळी करून बघू, शास्त्रीय पद्धत.

आजोबा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं चोळून न्हाय. जड व्हईल त्याला."

"कोणाला?"

"रोहिदासला."

रोहिदास म्हणजे माझे पप्पा. मी हिरडा खाली ठेवला. "तुम्हाला काय माहीत?"

"मीच द्यायचो की."

ठकूआत्याने पदर तोंडाला लावला. "आरं द्येवा! दादा, तू? बापया माणूस?"

"मग कोण देनार व्हतं?" आजोबांनी एक किडका हिरडा बाजूला टाकला. "पोरगं रडायचं. पोट फुगायचं. मपल्याच हातानं द्यायचो."

"आजोबा!" मी ओरडलेच. "आम्ही इतके दिवस पूर्ण तालुका पालथा घातला! सांगायचं नाही का?"

"मला कुठं कोणी इचारलं?"

खरंच होतं. गुटीचं विचारायचं म्हणून मी फोनवर ठकूआत्याला, शेजारणींना, मावशीच्या सासूलासुद्धा विचारलं होतं. ज्या घरात ते बाळ होतं त्या घरातल्या एकुलत्या एका माणसाला सोडून.

"काय काय घालायचात?"

"हिरडा. बाकीचं आनायला बाजारात कोण जात व्हतं? हिरडा आन् शेळीचं दूध. बास."

दुसऱ्या दिवशी मी पप्पांना ओढत केंद्रात नेलं. हिरडा, शेळीचं दूध, सहाण. पट्ट्या उठल्या! एक, दोन, निम्म्यापर्यंत सरसरत गेल्या आणि तिथंच लटपटत थांबल्या. पप्पा पडद्याकडे बघत होते.

"किल्ली कुलपात शिरलीय," तबस्सुम मॅडम म्हणाल्या, "पण फिरत नाही. अजून काहीतरी आहे. बारीकसं."

"आता मात्र मी थांबणार नाही," पप्पा म्हणाले. पप्पा! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दुकानाला कुलूप लावून, मला शेजारी बसवून, ते स्वतः गाडी चालवत माळवंडीला आले.

आजोबांना काही आठवेना. "सुंठ? नसंल. गूळ? न्हाय बा. किती वरसं झाली, रोहिदास." ते डोकं खाजवत होते, आणि पप्पा त्यांच्यासमोर उकिडवे बसले होते, शाळेतल्या मुलासारखे.

तेवढ्यात ठकूआत्या ओट्यावरून म्हणाली, "मला एकच कळंना. चिमीची सहाण तर तिच्या माहेरीच राह्यली व्हती. मग तू उगाळायचा कशावर?"

"पाट्यावर."

"कंच्या पाट्यावर?"

"आपल्या. मिरची वाटायच्या."

मग ठकूआत्या अशी हसायला लागली की तिला ठसका लागला. "आरं मेल्या! मिरचीच्या पाट्यावर लेकराची गुटी!"

"धुवून घ्यायचो की!" आजोबा पहिल्यांदाच चिडले. "मग कशावर उगाळत्यात?"

"धुतल्यानं जातंय व्हय पाट्याचं तिखट? येड्या, म्हनून रडायचं ते पोरगं!"

"रडायचं न्हाय. फुर्र करायचं. तोंड वाकडं करायचं, फुर्र करायचं आन् परत आ करायचं."

पप्पा हसत होते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि मी मुद्दाम हिरड्यांकडे बघत राहिले.

पाटा अजून होता, घरामागे, त्यावर कोंबड्या बसायच्या. पण ठकूआत्या अजूनही लाल चटणी त्याच्यावरच वाटते, मिक्सरची चटणी तिला चालत नाही. आम्ही पाटा धुतला. म्हणजे आजोबांनी धुतला, पूर्वी धुवायचे तसा, म्हणजे वरवर. तो गाडीत चढवायला पप्पा, मी आणि शेजारचा एक भक्कम माणूस लागला. उगाळायला म्हणून आजोबाही गाडीत बसले. केंद्राच्या दारातला रखवालदार म्हणाला, "ओ, हे काय, मसाल्याचा कारखाना नाही इथं."

तबस्सुम मॅडमनी आधी चाचणी केली. आजोबांनी व्हरांड्यात बसून पाट्याच्या कडेला हिरडा उगाळला, दुधात कालवला. थेंब पप्पांच्या जिभेवर ठेवला आणि सगळ्या पट्ट्या वरपर्यंत गेल्या.

"बस," मॅडम म्हणाल्या आणि लगेच टोपी बंद केली. "आता पूर्ण ताकदीने. तयार आहात ना? अजूनही नाही म्हणू शकता."

पप्पांनी मान हलवली. मग विचारलं, "पण ती पडवीत असायची म्हणे. जवळ यायचीच नाही. तिचा आवाज नसेलच त्यात, तर?"

उघडायची आणि आत ती नसायची, असंही होऊ शकत होतं. आणि मग ते कायमचं नसणार होतं.

"लावा," पप्पा म्हणाले.

आम्हाला बाहेर काढलं. आत कोणी बोलायचं नाही, शिंकायचं नाही, मोबाईल नाही, एसीसुद्धा बंद. आजोबा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले, पाटा शेजारी. मी दाराच्या काचेतून बघत होते. पप्पांचे डोळे मिटलेले होते. थेंब ठेवला. बराच वेळ काही नाही. मग त्यांचं तोंड वाकडं झालं. ओठ थरथरले आणि 'फुर्र' झालं. माझे पप्पा, मिशीवाले, दुकानवाले पप्पा! आणि मग त्यांनी आ केला.

मी तोंडावर हात दाबून धरला.

टोपी निघाली तरी ते तसेच बसून राहिले. तबस्सुम मॅडमनी दार उघडलं, मी आत गेले. त्यांनी मॅडमना विचारलं, "आता बोललं तर चालेल?"

"बोला. लगेच बोललेलंच बरं."

"धूर होता," पप्पा म्हणाले. "चुलीचा. अंगठा होता, खरबरीत, मोठा. कोणीतरी हसत होतं, अगदी जवळ. पुरुष. बा हसायचा?" त्यांनी मला विचारलं, जणू मला माहीत असणार.

"आणि आवाज?" मी विचारलं. "तिचा?"

"लांबून होता. बाईचा. रोज यायचा तो, हेही कळत होतं, कसं ते सांगता येत नाही. पण शब्द नाहीत गं. नुसता सूर. असा..."

आणि त्यांनी तो सूर गुणगुणून दाखवला. खाली दोन, मग जरा लांबवलेला एक, आणि शेवटी वर चढत गेलेला, अर्धवट सोडल्यासारखा.

"प्यालं गं, समदं प्यालं," बाहेरून आवाज आला.

आम्ही तिघांनी दाराकडे पाहिलं. आजोबा व्हरांड्यातच होते. ते आमच्याशी बोलत नव्हते. त्यांनी मान दुसऱ्याच बाजूला वळवली होती, उजवीकडे, जिथे माळवंडीच्या घराची पडवी असती. मग त्यांना कळलं की आपण बोललो, आणि ते गोंधळून आमच्याकडे बघायला लागले.

"बा," पप्पा दारात येऊन उभे राहिले. "काय म्हणालास?"

"काय न्हाय. ती इचारायची. पडवीतनं. गुटी देऊन झाली की रोज." आजोबांनी पाट्यावरचा ओघळ अंगठ्याने पुसला. "'प्यालं का माझं बाळ?' आसं. मंग मी सांगायचो."

पप्पा त्यांच्याजवळ खाली बसले, पाट्याला लागून.

तबस्सुम मॅडम मागून हळूच म्हणाल्या, "गवारीभाऊ, आठवण अजून ओली आहे. यांचा आवाज त्यात मिसळेल. थोडा वेळ लांब बसता का?"

"मिसळू द्या," पप्पा म्हणाले. "तोही तिथंच होता की."

आणि त्यांनी आजोबांकडे बघत तो सूर पुन्हा एकदा गुणगुणला, या वेळी शब्द घालून, चाचरत. आजोबांचा हात पाट्यावर होता. त्यांनी तो उचलून पप्पांच्या डोक्यावर ठेवला.

"प्यालं," ते उजवीकडे बघत म्हणाले. "समदं प्यालं."